थेंबातले जग

भातखाचरांत साचलेले पाणी नुसत्या डोळ्यांना गढूळच दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र अशा पाण्यात अनेकदा अ‍ॅनाबिना हे निळे-हिरवे शेवाळ मण्यांच्या माळेसारखे दिसते. मध्येच एखादा मणी इतरांहून मोठा आणि फिकट असतो. हवेतला नायट्रोजन भाताच्या उपयोगी रूपात बदलण्याचे काम त्याचे. मुलांना सर्वांत आधी दाखवावे ते हेच.

हॉलंडच्या लेव्हेनहुकने १६७०च्या दशकात एकाच इवल्याशा भिंगातून तळ्याच्या पाण्यातले जीव पाहिले. तारेच्या बारीक वेटोळ्यात धरलेला पाण्याचा थेंबही भिंगच असतो; त्यातून छापील अक्षर मोठे दिसते.

बहुतेक विषाणू प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही लहान. तिथे काचेचे भिंग थकते, इलेक्ट्रॉनचा झोत लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२० साली अशाच सूक्ष्मदर्शकाने कोरोना विषाणू टिपला. त्या प्रतिमेतला विषाणूचा कण सुमारे ७५ नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम तेरा हजारावा भाग.

अणूच्या आतले कण तर त्यांनी मागे सोडलेल्या खुणांवरूनच ओळखावे लागतात. बंद डबा हलवून आतली वस्तू ओळखण्याच्या खेळातून ही रीत वर्गात सहज शिकवता येते.