गाडी जुनी आहे, पण बिलाचा हिशोब हवा



आपल्या बीड जिल्ह्यात जुन्या ओम्नी अजून धावतात. 2019 मध्ये कंपनीने ही गाडी बनवणं बंद केलं, पण कितीतरी घरांची चूल तिच्यावरच पेटते. शोरूमच्या वर्कशॉपमध्ये तिचं इंजिन उघडतात, हजारोंचं बिल होतं आणि महिनाभरात तोच बिघाड पुन्हा. पुन्हा बिल. विचारलं की उत्तर ठरलेलं, "गाडी जुनी झाली."

इंजिन झिजतं, हे मान्य. पण मागच्या वेळी पैसे घेऊन जे दुरुस्त केलं, तेच पुन्हा का बिघडलं, हे वर्कशॉपने सांगायलाच हवं.

म्हणून काम सुरू होण्याआधी जॉबकार्डवर तक्रार आणि अंदाजे खर्च लिहून घ्या. बदललेला पार्ट परत मागा. पक्कं बिल घ्या आणि जपून ठेवा.

"गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक कसले?" असं म्हटलं तर दबू नका. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी गाडी वापरणाऱ्याला 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा ग्राहकच मानतो. आधी 1915 या हेल्पलाइनवर बोला. तिथे सुटलं नाही तर बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत तक्रार करा. रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकीलही सक्तीचा नाही.

ज्यांच्याकडे अशी बिलं आहेत, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर थांबावं. अर्ज आपण मिळून लिहू.