हिमप्रदेशाचा जलप्रवास : महिना कोणता निवडावा?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेले भाषण)



प्रवास म्हणजे सुटीत गावी जाऊन येणे, हा आपल्या मंडळींचा एके काळचा हिशेब. आता बंगळुरातील अनेक मराठी घरांतील मुले-नातवंडे अमेरिकेत स्थायिक झाली आहेत आणि त्यांच्याकडे गेलेले आईवडील अलास्काच्या हिमनद्या पाहण्यास जहाजाने निघतात. निघण्यापूर्वी एक प्रश्न हमखास येतो : कोणत्या महिन्यात जावे? प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. परंतु आयुष्यभराच्या बचतीतून, तोही बहुधा सत्तरीच्या उंबरठ्यावर, एकदाच घडणारा हा प्रवास आहे. महिना चुकला तर पुन्हा जाणे सहसा होत नाही.

प्रथम 'उन्हाळा' या शब्दाविषयी. आपल्या बंगळुरात सर्वांत उष्ण महिना एप्रिल. जून उजाडला की आपण छत्र्या बाहेर काढतो. अलास्कात त्याच वेळी उन्हाळ्यास आरंभ होतो. शिवाय ध्रुवाकडील प्रदेशांत प्रकाशाचा भर आणि उष्णतेचा भर एकाच वेळी येत नाहीत. २१ जूनच्या सुमारास दिवस सर्वांत मोठा असतो. परंतु समुद्र तापण्यास आणि बर्फ वितळण्यास पुढे बराच काळ जावा लागतो. म्हणूनच उत्तर ध्रुवसमुद्रातील बर्फ सर्वांत कमी होतो तो सप्टेंबरात. दक्षिणेकडे ऋतू उलट, म्हणून तेथे फेब्रुवारीत.

या हिशेबाचे उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्याच्या किनाऱ्यावर घडले आहे. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली, ९ जानेवारी १९८२ रोजी त्या हिमखंडावर उतरली आणि २१ फेब्रुवारीस गोव्यास परतली. दिवस अद्याप मोठे आणि समुद्रावरील बर्फ विरळ होत चाललेला, असा हा काळ. शास्त्रज्ञांनाही सूर्य आणि बर्फ यांची सांगड घालावी लागते. मग आपण तर हौशी प्रवासी.

आता अलास्काकडे वळू. तेथील जहाजांचा हंगाम मुख्यतः मे ते सप्टेंबर असा पाच महिन्यांचा. मे महिन्यात डोंगरमाथ्यांवर हिम भरपूर असते, पाऊस तुलनेने कमी आणि भाडेही बहुधा कमी. मात्र थंडी बोचते. जूनमध्ये प्रकाशाची लयलूट असते. जूनो या राजधानीत २१ जूनचा दिवस सुमारे सव्वाअठरा तासांचा, तर आपल्याकडे त्याच दिवशी जेमतेम तेरा तासांचा. जुलै सर्वांत उबदार. तरीही दुपारचे तापमान सरासरी १८ अंशांच्या आसपासच. जुलै-ऑगस्टमध्ये सॅमन मासे (आपला रावस नव्हे) समुद्रातून ओढ्यांत चढतात आणि त्यांच्या मागे अस्वले काठावर येतात. या दिवसांत गर्दीही सर्वाधिक. देवमासे मात्र मेपासून सप्टेंबरपर्यंत दिसू शकतात. सप्टेंबरात रात्री पुन्हा काळोख्या होतात आणि ध्रुवीय प्रकाश दिसण्याची आशा वाढते. पण जूनोत मे महिन्याच्या दुपटीहून अधिक पाऊस याच महिन्यात पडतो.

ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानाचा एक नियम येथे सांगण्याजोगा आहे. तेथे दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठ्या प्रवासी जहाजांना प्रवेश मिळतो. त्यातील जॉन्स हॉपकिन्स खाडीत तर १ मे ते ३१ ऑगस्ट या काळात अशा जहाजांना मज्जावच आहे. कारण तेथील बर्फाच्या लाद्यांवर सील माद्या पिले देतात. म्हणजे जहाजाने ती खाडी पाहावयाची तर सप्टेंबरच गाठावा लागतो. यजमानिणीच्या घरी बाळंतीण असता पाहुण्याने थांबावे, हे आपणांस नवे नाही.

तेव्हा सर्वगुणसंपन्न महिना कोणताही नाही. निवड आपल्या घराकडे पाहून करावयाची. शाळकरी नातवंडे बंगळुराहून बरोबर नेणार असाल, तर येथील बहुतेक शाळा जूनच्या आरंभास उघडतात. म्हणून मेचा उत्तरार्ध. मुलांनी अस्वले पाहावीत हा हट्ट असेल, तर जुलैअखेर किंवा ऑगस्ट, आणि मग शाळेची रजा. सप्टेंबर निवडणाऱ्यांनी पंचांग उघडावे. गणेशोत्सव ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात येतो आणि मंडळाच्या आरतीस आपली जागा रिकामी राहील. केवळ वृद्ध दांपत्याने जावयाचे असेल, तर जूनचा पूर्वार्ध आम्हांस सर्वांत योग्य वाटतो : मोठा दिवस, तुलनेने कमी पाऊस आणि ऐन हंगामापूर्वीची थोडी सवड. घरातील जो सर्वांत सावकाश चालतो, त्याच्या सोयीने महिना ठरवावा. तरुणांना इतर महिने पुढेही मिळतील.

महिना ठरला की व्हिसाचे काम त्वरित हाती घ्यावे. सिएटलहून निघणारी जहाजे बहुधा परदेशी नोंदणीची असल्याने अमेरिकन कायद्यानुसार त्यांना वाटेत कॅनडाचे एखादे बंदर घ्यावे लागते. तेव्हा कॅनडाचा व्हिसा हवा आणि अमेरिकेत पुन्हा प्रवेश देणाराही हवा.

शेवटी एक गोष्ट. १७९४ साली व्हँकुव्हर यांच्या मोहिमेने पाहिले तेव्हा ग्लेशियर बेच्या मुखाशीच बर्फाची भिंत होती. १९१६ पर्यंत ती सुमारे १०० किलोमीटर मागे गेली होती. आज जहाज ज्या पाण्यातून जाते, तेथे एके काळी बर्फच होता. बर्फ कोणासाठी थांबत नाही, आणि आपले गुडघेही नाहीत. महिन्याची चिकित्सा जरूर करावी. परंतु ती करता करता वर्षेच निघून जाऊ नयेत, एवढीच आमची विनंती.