दारू सोडायची तर जावं कुठं?

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात केलेलं भाषण)



माझं शिक्षण चौथी. औत हाकता हाकता कीर्तन शिकलो. मंडळानं सांगितलं, दिंडीला शंभर वर्षं झाली, तुम्ही दिंडीच्या इतिहासावर बोला. इतिहास सांगणारी माझ्याहून जाणती माणसं इथं बसलेली आहेत. म्हणून मी विनंती करून दुसरा विषय मागून घेतला. विषय दारूचा आहे. पण दारू वाईट आहे हे सांगायला मी उभा नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे आणि पिणाऱ्याला तुमच्याहून जास्त ठाऊक आहे.

कुठल्याही गावी कीर्तन झालं, की मंडपाच्या मागं एखादी माउली पदर सावरत उभी असती. म्हणती, "महाराज, मालक लई पितेत. काहीतरी सांगा." तिला अंगारा नको असतो, उपदेशही नको असतो. तिला पत्ता पाहिजे असतो. कुठं न्यावं, कुणाला दाखवावं, पैसे किती लागतेत, हे तिला विचारायचं असतं. आज तेवढंच सांगतो.

पहिली शंका आपल्यातलेच लोक काढतेत. "महाराज, तुळशीची माळ घातली की दारू सुटते, मग दवाखाना कशाला?" माळेनं सुटलेली माणसं मी पाहिली आहेत, नाही म्हणत नाही. माळ घातली, वारी धरली, आणि पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. पण एक भेद समजून घ्या. बाजाराच्या दिवशी पिणारा वेगळा आणि सकाळी उठल्याबरोबर हात कापतेत म्हणून पिणारा वेगळा. पहिल्याची सवय आहे. दुसऱ्याच्या शरीरानंच दारू धरून ठेवलेली आहे. त्याची दारू एका झटक्यात बंद केली तर जीवावर बेतू शकतं.

हे नीट ऐका, कारण हे वारीत घडतं. आपण काय करतो? पिणाऱ्याला गळ घालतो, माळ घालतो आणि दुसऱ्या दिवशी दिंडीत चालायला लावतो. सहा-आठ तासांत त्याचे हात थरथरतेत, घाम सुटतो, अन्न जात नाही, झोप येत नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून काहींना भास होतेत. भिंतीवर किडे दिसतेत, नसलेल्या माणसाशी बोलतेत, घरच्यांना ओळखत नाहीत, अंगात ताप भरतो. आपण म्हणतो, याला बाहेरचं लागलं, किंवा याच्या अंगात आलं. बाहेरचं काही लागलेलं नसतं. दारू एकदम तुटल्यामुळं मेंदू खवळलेला असतो. यात माणूस दगावतो. मग लोक म्हणतेत, माळ बाधली. माळ कुणाला बाधत नाही, बाबांनो. वेळेवर औषध मिळालं नाही.

अशा वेळी लिंबू-पाणी, ताक, कांद्याचा रस करत बसू नका. १०८ ला फोन लावा, गाडी फुकट येते. दवाखान्यात काही दिवसांच्या गोळ्या देतेत, त्या हळूहळू कमी करतेत. ब-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतेत, कारण दारूनं ते अंगातून गेलेलं असतं. साधारण आठवड्याभरात शरीर ताळ्यावर येतं. मग माळ घाला, मग वारीला न्या. रोज पिणाऱ्यासाठी क्रम असा ठेवा: आधी दवाखाना, मग माळ.

कुणाला वाटेल, कीर्तनकार असून हा दवाखान्याचं सांगतो. अहो, गाडगेबाबांनी दुसरं काय सांगितलं? त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. लेकीच्या बारशाला मटण-दारूची रीत होती, ती बाबांनी मोडली आणि गोडाचं जेवण घातलं. पुढं गावोगाव खराटा घेऊन फिरले. कीर्तनात सांगत, रोग झाला तर नवस करू नका, कोंबडं-बकरं कापू नका, डॉक्टरकडं जा. त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, तशी मुंबईत जे. जे. दवाखान्याजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठीही त्यांच्या नावाची धर्मशाळा उभी राहिली. देवाच्या दारात उतरायला जागा पाहिजे, तशी दवाखान्याच्या दारातही पाहिजे, हे त्यांना कळत होतं.

२०१९ साली केंद्र सरकारनं देशभरात नशेची पाहणी जाहीर केली. त्यात एक आकडा आहे. दारूच्या पक्क्या आहारी गेलेल्या ३८ माणसांपैकी एकाला कसला तरी उपचार मिळतो. ३८ पैकी एक! आपल्या दिंडीत चार-चारांच्या ओळी लावल्या तर साडेनऊ ओळी होतात. त्यातला एकटा मुक्कामाला पोचला आणि बाकीचे ३७ वाटेतच राहिले, तर आपण पुढं चालू का? चोपदार दिंडी थांबवील. मग गावात आपण कसे थांबत नाही?

आता पत्ते सांगतो. तरण्या पोरांनी लिहून घ्या.

पहिली पायरी गावातलीच. आशाताईला सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना दाखवा. लाजू नका, आशाताईला गावातलं सगळं आधीच ठाऊक असतं. शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या तेव्हा सरकारनं २०१५ साली प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यातल्या १४ जिल्ह्यांत आपला परभणी जिल्हा आहे. मन खचलेल्या शेतकऱ्याला शोधून डॉक्टरपर्यंत पोचवायचं, असं ते काम. कर्ज, नापिकी आणि दारू एकाच घरात नांदतेत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरी पायरी परभणीचं सरकारी रुग्णालय. केसपेपर काढा आणि खिडकीवर विचारा, "मनाच्या आजाराचे डॉक्टर कोणत्या दिवशी, कुठं बसतेत?" मनाचे डॉक्टर म्हटलं की माणसं बिचकतेत. "मी काय येडा हाय का?" असं पिणारा म्हणतो. त्याला सांगा, दारूचा आजार बघणारे डॉक्टर तेच. जास्त त्रास असेल तर पुढं मोठे दवाखाने आहेत: नांदेडला विष्णुपुरीचं शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, संभाजीनगरला घाटी. गंगाखेड-सोनपेठच्या लोकांना अंबाजोगाई जवळ पडतं, पूर्णा-पालमवाल्यांना नांदेड.

तिसरं, फोन. नशा सोडवण्यासाठी सरकारचा फुकटचा नंबर १४४४६. मन बेचैन असलं, जीव द्यावा वाटला, तर टेलिमानस, १४४१६. तंबाखू-गुटखा सोडायचा असेल तर १८००-११-२३५६. फोन घरच्या माणसानं केला तरी चालतो. पिणाऱ्यानंच केला पाहिजे असं नाही.

चौथं, राहून उपचार करायची केंद्रं. महाराष्ट्रात पुण्याच्या मुक्तांगणचं नाव मोठं आहे. डॉ. अनिल अवचटांनी गर्दच्या नशेवर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी पैशाची मदत केली. डॉ. अनिता अवचट मनाच्या आजाराच्या डॉक्टर होत्या, त्यांनी १९८६ साली हे केंद्र उभं केलं. येरवड्याला आळंदी रोडवर आहे, म्हणजे माउलींच्याच वाटेवर. तिथं ३५ दिवस ठेवतेत. आधी औषधानं शरीर सावरायचं, मग व्यायाम, काम, गटात बसून बोलणं, आणि घरच्यांनाही बोलावून समजावणं. बायांसाठीही तिथं वेगळी सोय आहे, कारण नशा काही बाप्यांनाच लागते असं नाही. जायच्या आधी फोन करून जागा आणि खर्च विचारा.

पण सगळी केंद्रं सारखी नसतेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात नशेचा आजारही धरलेला आहे, आणि साखळीनं बांधायला त्या कायद्यानं बंदी आहे. तेव्हा माणूस सोडून यायच्या आधी पाच गोष्टी विचारा. नोंदणी आहे का? डॉक्टर येतेत का, कधी? घरच्यांना भेटू देतेत का? पैसे किती, ते लिहून देतेत का? मारझोड, बांधाबांध होती का? जो मालक याची सरळ उत्तरं देत नाही, त्याच्या दारात आपलं माणूस ठेवू नका.

आणि भिंतीवरच्या जाहिराती! "पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा." एसटी स्टँडच्या मुतारीवरसुद्धा लिहिलेलं असतं. बिचारी बाई मंगळसूत्राचे मणी मोडून ती पुडी आणती आणि चहात-वरणात घालती. त्या पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. दारूवरची एक खरी गोळी आहे, ती घेऊन वर दारू पिली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो, माणूस मरूही शकतो. ती गोळी डॉक्टर रोग्याला सांगून, त्याची कबुली घेऊन देतेत. न सांगता चारली तर ते औषध राहिलं नाही, विष झालं. माय-माउल्यांनो, एवढं माझं ऐका.

आता सर्वांत अवघड गोष्ट. दवाखान्यातून आलेला माणूस महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पितो. गाव हसतं. "बघा, एवढे पैसे घातले, शेवटी गेला ना वळणावर!" तुम्ही शेतकरी आहात, मला सांगा, काळ्या रानातली हरळी एका नांगरटीत जाती का? नांगरावं लागतं, वेचावं लागतं, पुढच्या साली पुन्हा कोंब येतो, पुन्हा खांदावं लागतं. म्हणून आपण रान पडीक टाकत नाही. शुगर वाढली, बीपी वाढला तर पुन्हा डॉक्टरकडं जातो ना? तसंच याचं. पुन्हा पिला तर पुन्हा न्या, आणि लवकर न्या.

१९३५ साली अमेरिकेत दोन पिणारे एकमेकांना भेटले, त्यातला एक स्वतः डॉक्टर होता. दुसऱ्या पिणाऱ्याला मदत करता करता आपली सुटते, हे त्यांना कळलं. त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, निघालं. फी नाही, नाव जाहीर करत नाहीत, गोल बसून आपापलं सांगतेत. आजचा दिवस प्यायची नाही, एवढाच नेम. आपल्याकडं मराठीत अशा मीटिंगा चालतात. हा सत्संगच झाला की! सातासमुद्रापार त्यांना जे कळलं, ते आपल्या दिंडीत शंभर वर्षं चालू आहे: एकट्यानं वाट सरत नाही.

घरच्या बाईला दोन शब्द. बाई, तो पितो यात तुझा दोष नाही. तुझ्या उपासानं त्याची सुटणार नाही, उलट तूच आजारी पडशील. शुद्धीवर असताना, सकाळच्या पारी बोल. पिलेल्याशी वाद घालू नको. हात उगारत असेल तर सहन करणं हा धर्म नाही. १८१ हा बायांचा नंबर आहे, ११२ पोलिसांचा. लेकरं घेऊन शेजारच्या घरात जा. आणि शेजाऱ्यांनो, त्या रात्री दार उघडा.

तरुण पोरांत आता नशेच्या गोळ्या आणि खोकल्याचं औषध शिरलं आहे. आई-बापाला वास येत नाही म्हणून कळत नाही. पोरगं दिवसभर झोपतं, रात्री जागतं, घरातले पैसे जातेत, जुने मित्र तुटतेत. असं दिसलं तर मारू नका, डॉक्टरकडं न्या. आणि चिलमीला महादेवाचं नाव देऊन कुणी गांजा ओढत असेल, तर त्याला आपल्या राहुटीत जागा देऊ नका, पण दवाखान्याचा पत्ता जरूर द्या.

शेवटी मंडळापुढं एक मागणं ठेवतो. आपल्या संप्रदायात बंडातात्या कराडकरांनी व्यसनमुक्त युवक संघ काढला, तरण्या पोरांना या कामात ओढलं. आपण शंभराव्या वर्षी एवढं तरी करू. दिंडीतले दोन बाप्ये आणि दोन बाया या कामाला नेमा. नंबर फळ्यावर लिहून देवळात लावा. कुणाला न्यायचं झालं तर दोघांनी सोबत जायचं, एसटीचं भाडं दिंडीच्या पेटीतून द्यायचं. आणि तो परत आला की त्याच्या हातात टाळ द्यायचा, हरिपाठाला रोज बोलावायचं. एखाद्या दिवशी आला नाही, तर त्याच संध्याकाळी त्याच्या घरी जायचं. सुटल्यानंतरचं पहिलं वर्ष लई अवघड असतं. संध्याकाळचे सहा वाजले की पाय आपोआप गुत्त्याकडं वळतेत. त्याच वेळेला देवळात टाळ वाजला पाहिजे.

गंगाखेडला जनाबाई जन्मली. जिला कुणी नव्हतं, तिच्याबरोबर देव दळायला बसला, असं आपण लेकराबाळांना सांगतो. मग ज्याला गाव टाकून देतं, त्याच्याबरोबर दवाखान्याच्या ओळीत आपण तासभर बसायला काय हरकत आहे?

माझं बोलणं चुकलं-माकलं असेल तर पोटात घाला. नंबर तेवढे लिहून न्या.

रामकृष्ण हरी!