सुटी सिगारेट
(मंडळीच्या हितचिंतकांसमोर केलेले भाषण)



जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवरून आपली मुले शिकायला, कामाच्या शोधात पालघर-बोईसरला येतात. सोळा-सतरा वर्षांचे वय, घर लांब. तारापूर एमआयडीसीच्या रस्त्यावर टपरीवर चहा घेताना बरोबरचा मोठा मुलगा एक सिगारेट पुढे करतो. म्हणतो, "एकाने काय होतंय?"

सवयीची सुरुवात या एकानेच होते. धुरातले निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते, म्हणून कोवळ्या वयात सवय लवकर जडते आणि सुटता सुटत नाही. कर्करोग पुढे होईल तेव्हा होईल. कबड्डीत दम आताच कमी पडू लागतो. सिगारेट ओढणाऱ्याला क्षयरोगाचा धोकाही वाढतो. एका खोलीत चार-पाच जण दाटीने राहतात, तिथे ही गोष्ट साधी नाही.

पाकिटाच्या ८५ टक्के भागावर धोक्याचे चित्र व इशारा असतो. सुटी सिगारेट घेणाऱ्या मुलाला तो दिसतच नाही, आणि पाकिटाचे पैसे नसले तरी खिशातल्या चिल्लरीत भागते. म्हणूनच सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने सुट्या सिगारेटी-बिड्या विकण्यावर बंदी आणली. १८ वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तो विकणे, हे तर २००३ च्या कायद्यानेच मना आहे.

पण घरात कायदा काय करणार? "जा रे, बिडी घेऊन ये," असे सांगून लेकराला दुकानात पाठवणारे आपणच असतो. तेव्हा आजपासून दोन गोष्टी करू या. मुलाच्या हातून बिडी-तंबाखू मागवायचा नाही. आणि एखादा मुलगा सिगारेट ओढताना दिसला, तर चारचौघांत त्याचा अपमान न करता त्याला जवळ बसवून बोलायचे. ओरडा खाल्लेला मुलगा सिगारेट सोडत नाही, लपून ओढतो.

सोडायची इच्छा असेल त्याला १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. सोडल्यावर एका वर्षात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो. हे मोठ्यांनाही लागू आहे. वडिलांनी सोडली, तर मुलाला वेगळे सांगावे लागणार नाही.

प्रभू आपल्या लेकरांना सांभाळो.