टाळीनंतर काय?

 

आज हप्ता, व्याज आणि कर्जवाटप जरा बाजूला ठेवू. आज आम्ही कवितेबद्दल बोलणार आहोत. खरं तर कविता ऐकणाऱ्यांबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, ऐकणाऱ्यांबद्दल काय बोलायचं? ऐकायचं, टाळी वाजवायची, घरी जायचं. पण कविता पोलिसांच्या सत्तेबद्दल असेल, ठाण्यात माणसाला कसं वागवतात याबद्दल असेल, तर ऐकणारी बाई काय करते हा प्रश्न सोपा राहत नाही. म्हणून हा विषय.

अमेरिकेत कवितेचा एक प्रकार आहे, त्याला स्लॅम पोएट्री म्हणतात. शिकागो शहरात बांधकामावर काम केलेला मार्क स्मिथ नावाचा एक कवी होता. कविता म्हणजे शिकलेल्यांनी शिकलेल्यांसाठी हळू आवाजात वाचायची गोष्ट, हे त्याला पटत नव्हतं. १९८६ साली त्याने ग्रीन मिल नावाच्या ठिकाणी कवितेची स्पर्धा सुरू केली. लोक तिथे गाणं ऐकायला येत. कवीने मंचावर यायचं आणि साधारण तीन मिनिटांत आपली कविता सादर करायची. सोबत वाद्य नाही, वेष नाही, हातात कुठली वस्तू नाही. आणि परीक्षक कोण? समोर बसलेल्यांतलेच पाच जण. त्यांनी शून्य ते दहा गुण द्यायचे. सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी गुण सोडून द्यायचे, उरलेल्या तिघांच्या गुणांची बेरीज करायची.

बाकीच्या लोकांनीही गप्प बसायचं नाही. आवडलं तर ओरडून सांगायचं. परीक्षकाने कमी गुण दिले तर त्यालाही हुर्यो करायचा. चुटक्यांची तर गंमतच आहे. त्या पहिल्या ठिकाणी चुटक्या वाजल्या की कवीने समजायचं, लोक कंटाळले, आता आवरतं घ्या. पुढे हा प्रकार गावोगाव पसरला आणि बऱ्याच ठिकाणी चुटकीचा अर्थ उलटा झाला. कविता मध्येच न तोडता "पोचलं गं, पोचलं" असं सांगायचं असेल तर चुटकी. खूण एकच, पण जागा बदलली की अर्थ बदलतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आपल्याला हे फार परकं वाटायला नको. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी "जी जी जी" करतात, कीर्तनात बुवा एक ओळ सोडतात आणि अख्खं देऊळ ती उचलतं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्येही असंच आहे. पुढचा एक वाक्य बोलतो, समोरचे त्याला साद देतात. पिढ्यान् पिढ्यांची ही सवय काळ्या कवींनी स्लॅमच्या मंचावर आणली आणि तिथे त्यांनी जे बोलायला घेतलं, त्यात एक विषय वारंवार आला: पोलीस. मुलगा घराबाहेर पडताना आई त्याला काय काय बजावते. गाडी अडवली तर हात कुठे ठेव, आवाज कसा ठेव, खिशात हात घालू नको. आपण लेकीला "अंधार पडायच्या आत ये" म्हणतो, तशा त्या आया लेकाला पोलिसांपासून जपायला शिकवतात.

आता आमच्या बैठकीची गोष्ट सांगतो. आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी महाविद्यालयात शिकते. तिने मोबाईलवर अशा काही कविता ऐकल्या होत्या. मासिक बैठकीत वसुली आणि सह्या झाल्यावर तिने एका काळ्या कवयित्रीची चित्रफीत लावली आणि थांबून थांबून अर्थ सांगितला. मग म्हणाली, "मी पण एक केलीय, म्हणू का?"

तिची कविता ठाण्याबाहेरच्या बाकड्याबद्दल होती. नवरा मारतो म्हणून तक्रार द्यायला गेलेली एक बाई सकाळी त्या बाकड्यावर बसते. साहेब बाहेर गेलेत. मग जेवायला गेलेत. मग कागद संपलेत. संध्याकाळी कुणीतरी येऊन सांगतं, नवरा-बायकोचं भांडण आहे, घरी मिटवा. ती बाई उठते आणि त्याच घरी परत जाते, जिथून पळून आली होती. कवितेत शिव्या नव्हत्या, घोषणा नव्हत्या. बाकडं किती गुळगुळीत झालंय आणि कुणाकुणाच्या बसण्याने झालंय, एवढंच ती पोरगी विचारत होती.

कविता संपली. दोघी-तिघी तरुण सुना चुटक्या वाजवायला लागल्या, नवीन शिकल्या होत्या ना! एकीने तोंडाला पदर लावला आणि हसली. एक ताई ताडकन उठून बाहेर गेल्या. बाकीच्या सगळ्या गप्प. पोरीचं तोंड उतरलं. तिला वाटलं, आवडली नाही.

मग एक मावशी बोलल्या. त्यांचा मुलगा पोलिसात शिपाई आहे. म्हणाल्या, "तुम्ही सगळ्या माझ्या लेकाला बोलताय असं वाटलं मला. बंदोबस्त लागला की दोन-दोन दिवस तो घरी येत नाही. सणाला सगळ्यांची पोरं घरात, माझा रस्त्यावर उभा. त्याची कविता कोण करणार?"

खरं सांगायचं तर मावशींचं बोलणं रास्त होतं. पोलीस आपल्याच घरांतून जातात. आपल्या गटातल्या कितीतरी मुली आज पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावतात आणि त्यांना दूध-अंडी मिळावी म्हणून आपण कर्जही देतो. पण त्या मुलीनेही चांगलं उत्तर दिलं. म्हणाली, "मावशी, दादाचं नाव नाही घेतलं मी. बाकड्याचं घेतलं. दादा बदली होऊन जाईल, बाकडं तिथंच राहील." ठाण्यात बसलेल्या माणसाच्या हातात आपली तक्रार लिहायची की नाही हे असतं. ती सत्ता. कविता तिच्याबद्दल होती.

तेवढ्यात बाहेर गेलेल्या ताई परत आल्या, तोंड धुऊन. खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मी बसलेय त्या बाकड्यावर." नऊ वर्षं आम्ही एका गटात आहोत. त्यांचं पासबुक आम्हाला पाठ आहे, पण ही गोष्ट माहीत नव्हती. पाठोपाठ आणखी एकीने सांगितलं, तिच्या बहिणीचं. पदर लावून हसलेली म्हणाली, "मला हसू नव्हतं येत गं. काय करावं सुचलं नाही."

मैत्रिणींनो, उठून जाणं म्हणजे नापसंती, हसणं म्हणजे चेष्टा, गप्प बसणं म्हणजे पटलं नाही असा हिशेब आपण पटकन लावतो. चुटकीसारखंच आहे हे. खूण एक, अर्थ वेगळे. त्या खोलीतलं गप्प राहणं हे अनेक वर्षं साठलेलं गप्प राहणं होतं.

गप्प राहण्याचा चुकीचा अर्थ लावला की काय होतं, हे आपल्या महाराष्ट्राने फार जवळून पाहिलंय. १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या, आताच्या गडचिरोलीतल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. रात्रीची वेळ होती. सोबतच्या माणसांना बाहेर जायला सांगितलं आणि तिला आत थांबवून घेतलं. आरोपी दोन पोलीस. उच्च न्यायालयाने त्यांना शिक्षा दिली, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केल्याचं दिसत नाही, म्हणजे तिची हरकत नव्हती, असा अर्थ काढला गेला. रात्री ठाण्यात, वर्दीसमोर, एकटी मुलगी. तिच्या गप्प राहण्याला संमती म्हटलं गेलं.

पण निकाल वाचणारे सगळे गप्प बसले नाहीत. १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या आणि अभ्यासणाऱ्या चौघांनी, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी, सर्वोच्च न्यायालयाला उघड पत्र लिहिलं. भीतीपोटी गप्प राहणं आणि संमती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्यांनी मांडलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतला बलात्कार हा वेगळा, जास्त कडक शिक्षेचा गुन्हा झाला. अशा प्रकरणात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने "माझी संमती नव्हती" असं कोर्टात सांगितलं, तर कोर्टाने तिचं म्हणणं धरून चालायचं, असं ठरलं. एका मुलीला न्याय मिळाला नाही, पण ज्यांनी तिची गोष्ट ऐकली त्यांनी तिच्यामागून येणाऱ्यांसाठी कायदा हलवला.

अमेरिकेतलं एक उदाहरण तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉईड या काळ्या माणसाला पोलिसांनी रस्त्यावर पालथं पाडलं आणि एका अधिकाऱ्याने नऊ मिनिटांहून जास्त वेळ त्याच्या मानेवर गुडघा दाबून ठेवला. तो मेला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात झटापटीत त्याची तब्येत बिघडल्यासारखं लिहिलं होतं. पण फूटपाथवर माणसं उभी होती. ती "सोडा त्याला" म्हणून ओरडत होती. अग्निशमन दलातली एक बाई सुट्टीवर होती, ती नाडी बघा म्हणून विनवत होती. आणि सतरा वर्षांच्या एका मुलीने मोबाईल धरून सगळं चित्रित केलं. ती हात खाली न घेता उभी राहिली. पुढे ही बघणारी माणसं कोर्टात साक्षीला आली. २०२१ मध्ये तो अधिकारी खुनाचा दोषी ठरला, त्याला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. बघणारे साक्षीदार झाले म्हणून हे झालं.

तिथलं दुःख आणि आपलं दुःख एकच आहे असं आम्ही म्हणत नाही. त्यांचा इतिहास गुलामीचा, आपला जातीचा. पण ओळख जुनी आहे. जोतिबा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. १९७२ साली मुंबईत तरुणांनी दलित पँथर काढली, ते नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. त्या ब्लॅक पँथरचं सुरुवातीचं एक काम होतं, वस्तीत पोलीस कुणाला अडवतात तिथे जाऊन उभं राहायचं आणि लक्ष ठेवायचं. आपल्याकडे सत्यशोधक जलसे आणि आंबेडकरी जलसे गावोगाव झाले. ते ऐकून माणसं नुसती वाहवा करून घरी गेली नाहीत. पोरं शाळेत घातली, सक्तीची हलकी कामं नाकारली.

तर आमचं सांगणं एवढंच. अशी कविता ऐकली की टाळी जरूर वाजवा, चुटकी वाजवा, रडू आलं तर रडा, गप्प बसावंसं वाटलं तर गप्प बसा. त्याला गुण देऊ नका. पण लगेच चहा मागवू नका. दहा मिनिटं तशाच बसा आणि एकच प्रश्न विचारा: "असं आपल्यातल्या कुणाचं झालंय का?" सांगावंसं वाटेल ती सांगेल. जी सांगणार नाही, तिला खोदून विचारायचं नाही. आणि खोलीतलं बोलणं खोलीत राहील, हे आधी ठरवायचं.

आमच्या गटात त्या दिवशी इतिवृत्तात एक ठराव लिहिला गेला. गटातली कुणीही ठाण्यात एकटी जाणार नाही, सोबत दोघी जातील. गेल्याची वेळ, तारीख आणि कुणाशी बोललो त्यांचं नाव वहीत लिहायचं. सूचक म्हणून सही कुणाची, तर शिपायाच्या आईची.

सोबत जाणाऱ्या दोघींना थोडा कायदा माहीत हवा. १ जुलै २०२४ पासून देशात नवा नागरिक सुरक्षा कायदा लागू आहे. त्यातल्या आणि इतर कायद्यातल्या चार-पाच गोष्टी लिहून घ्या. गंभीर गुन्ह्याची तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. गुन्हा नोंदवला की त्याची प्रत तक्रार देणारीला फुकट मिळते. नोंदवून घेतला नाही तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवता येते. चौकशीसाठी बाईला तिची इच्छा नसताना ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या राहत्या घरी येऊन विचारावं लागतं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते. आणि तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे बाईला वकील मोफत मिळतो. तिचं उत्पन्न किती हे बघत नाहीत.

ठराव झाल्यावर गेल्या पावसाळ्यात एकदा तशी वेळ आली. आमच्या दोघीजणी सोबत गेल्या. पहिल्या दिवशी साहेब नव्हतेच. वहीत तसं लिहिलं, वेळेसकट. दुसऱ्या दिवशी परत गेल्या, वही मांडीवर उघडी ठेवून त्याच बाकड्यावर तिघी बसल्या. दुपारपर्यंत तक्रार लिहून घेतली गेली आणि प्रतही मिळाली. लिहून घेणारा शिपाई सभ्यपणे बोलला, हेही वहीत लिहिलंय.

त्या मुलीने आता दुसरी कविता लिहायला घेतलीय, बंदोबस्तावर उभ्या असलेल्या शिपायाच्या आईची. ती झाली की याच कार्यक्रमात तुम्हाला ऐकवू. तोवर तुमच्या पुढच्या बैठकीत एखादीला तीन मिनिटं द्या आणि ऐकून झाल्यावर काय झालं, ते आम्हाला कळवा. नमस्कार.