लांकडी कातकामांतील थरथर

हिंदुस्थानांतील जुना कातारी जमिनीवर बसून काम करी. त्याच्या चरकाचे खुंट भूमींत रोवलेले असत. साथीदार दोरी मागेंपुढें ओढी आणि लांकूड उलटसुलट फिरे. वेग अल्प आणि यंत्राचा पाया म्हणजे प्रत्यक्ष पृथ्वी. त्यामुळें थरथर त्याला फारशी छळीत नसे. पुढें विजेच्या मोटरीचा लेथ घराच्या पडवींत आला, आणि त्याच्या पाठोपाठ हा प्रश्न आला.

दोष बहुधा यंत्रांत नसून लांकडांत असतो. कोणताहि ओंडका सर्व अंगांनीं सारख्या वजनाचा नसतो. एकीकडे पक्का गाभा, दुसरीकडे ओलसर कोंवळें लांकूड, मध्येंच गांठ. जड बाजू फिरतांना बाहेर ओढ घेते, आणि ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. आंसापासून १५ सेंटिमीटरवर केवळ १०० ग्रॅम वजन अधिक असलें, तरी मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या वेगानें सुमारें ६ किलोग्रॅम भाराइतका हिसका बसतो. वेग १२०० केला कीं तोच हिसका २४ किलोग्रॅमांचा होतो. पकडीचे स्क्रू त्यापुढें टिकले नाहींत, तर ओंडका थेट तोंडावर येतो. म्हणून वाडग्याचा ओंडका आधीं करवतीनें शक्य तितका गोल करावा, मागच्या खांबाचा आधार द्यावा, आरंभ अगदीं मंद वेगानें करावा, मुखावर जाळी वा ढाल असावी, आणि यंत्र सुरू करतांना ओंडक्याच्या रेषेंत कोणीं उभें राहूं नये.

यंत्राचा संशय असेल, तर लांकूड काढून तें रिकामें फिरवावें. थरथर राहिलीच, तर पट्टा उतरवून नुसती मोटर चालवावी. मोटर शांत असल्यास दोष पट्ट्यांत, कप्पींत किंवा बेअरिंगमध्यें समजावा. दीर्घकाळ बंद राहिलेल्या यंत्राचा पट्टा कप्पीचें वळण धरून बसतो आणि ठोके देतो. कांहीं वेळ चालला कीं बहुधा सुधारतो.

लेथाचे चारहि पाय जमिनीला टेकले पाहिजेत. पायांमधील फळीवर वाळूच्या गोण्या ठेवाव्या. इतका स्वस्त उपाय दुसरा नाहीं. रबराच्या गाद्या खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांची झोंप राखतात. लेथाची थरथर त्यांनीं कमी होतेच असें नाहीं, कित्येकदां वाढतेहि. शिवाय प्रत्येक सांगाड्याची स्वतःची एक कंपनगति असते. हिसके तिच्याशीं जुळले कीं थरथर एकाएकीं फुगते. अशा वेळीं वेग बदलावा, आणि तो शक्यतों खालीं आणावा.

लांब व बारीक दांडा कातण्याची गोष्ट निराळी. तेथें वजनाचा तोल बरोबर असूनहि दांडा मध्यभागीं हत्यारापासून दूर वांकतो, पुन्हां परततो, आणि त्याच्या अंगावर वळ्यांची नक्षी उठते. यास धारदार हत्यार, हलका काप आणि जवळ घेतलेला टेका हवा. पूर्ण गोल झालेल्या भागास डाव्या हाताचीं बोटें मागून अलगद टेकवावीं. तीं तापूं लागलीं, म्हणजे हत्यार फार जोरानें दाबलें जात आहे.