तबक सांभाळणारे हात

(महोत्सवाच्या क्रीडादिनी सायली येथे झालेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत लिंबू-चमचा, पोत्यांची शर्यत व संगीत खुर्ची यांच्यानंतर एक नवा खेळ छापला आहे. हॉटेलात वाढण्याचे काम करणाऱ्यांची अडथळ्यांची शर्यत. एका हातावर तबक, तबकात काठोकाठ भरलेले पेले आणि वाटेत बाके, दोऱ्या व ओली जमीन. परदेशी अशा शर्यतीत पेल्यात द्राक्षाचे मद्य असते. आपण कोकमाचे सरबत घातले आहे. शर्यतीपूर्वी मी चार शब्द बोलावे अशी चिटणीसांची आज्ञा झाली. पंगत बसल्यावर लांबलेले भाषण कोणाला गोड लागत नाही हे मी जाणतो.

हा खेळ मुळात टवाळीचा नव्हे. पॅरिस शहरात उपाहारगृहांतील सेवकांची पहिली शर्यत 1914 साली झाली. 2011 नंतर ती बंद पडली होती. 24 मार्च 2024 रोजी, ऑलिंपिकच्या वर्षी, ती पुन्हा भरली. सुमारे दोनशे स्त्री-पुरुष नगरभवनापासून निघाले. प्रत्येकाच्या तबकात एक कॉफीचा पेला, एक क्रुआसाँ नावाची खुसखुशीत पोळी आणि पाण्याचा एक ग्लास होता. अंतर दोन किलोमीटर, तबक एका हातावर, आणि धावायचे नाही, चालायचे. पाणी सांडले की दंड. लंडनच्या सोहो भागातही 1950 च्या दशकापासून अशी शर्यत होत आली आहे. तेथे तबकात शँपेनची बाटली असते.

'धावायचे नाही' हा नियम मला फार अर्थपूर्ण वाटतो. शर्यत म्हटली की आपल्याला वेग आठवतो. परंतु येथे नुसत्या वेगाला किंमत नाही. जो पहिला आला पण ज्याचे पेले रिकामे झाले, तो हरला. आपल्या पंगतीतला जाणता वाढपी पाहा. ओगराळ्यात कढत वरण घेऊन तो झपाझप चालतो, पण कोणाच्या पानावर पाय पडत नाही आणि कोणाच्या अंगावर थेंब उडत नाही. ही विद्या सहजासहजी येत नाही.

यात विद्या कसली, असे कोणी विचारील. 2012 साली कॅलिफोर्नियातील दोन संशोधकांनी चालताना कॉफी का सांडते याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या आकाराच्या पेल्यातील द्रव ज्या लयीत हेलकावतो, ती लय माणसाच्या चालीच्या लयीशी बरीच जुळते. म्हणून झोका वाढत जाऊन काही पावलांत पेला सांडतो. चाल हळू सुरू करावी, एकदम झटका देऊ नये, हा त्यातला एक उपाय. आमच्या हॉटेलातल्या मुलाने हा निबंध वाचलेला नाही, पण त्याची पावले तो जाणतात. तबक तळव्यावर न ठेवता पसरलेल्या बोटांवर तोलायचे. उंच आणि जड वस्तू मध्याकडे ठेवायच्या. टेबलावर पेले उतरवताना एकाच बाजूचे उचलायचे नाहीत, नाही तर उरलेली बाजू कोसळते. हे सारे तो ग्राहकाशी हसतमुखाने बोलता बोलता करतो.

आणि अडथळे? आज आपण बाके मांडली, दोऱ्या बांधल्या. त्याच्या रोजच्या वाटेवर याहून कठीण अडथळे असतात. कोणी मागे न पाहता खुर्ची सरकवतो. कोणाचे मूल मधूनच धावते. स्वयंपाकघराचे दार पलीकडून एकदम उघडते. नुकतीच पुसलेली फरशी निसरडी असते. आणि आपल्या भागापुरते बोलायचे तर, एक अडथळा पेल्यातच असतो. गुजरात राज्य 1960 साली झाले तेव्हापासून तेथे दारूबंदी आहे, आपल्याकडे नाही. त्यामुळे सिल्वासाच्या हॉटेलांत पाहुण्यांची वर्दळ असते. त्यांतला एखादा तोल सुटलेला पाहुणा रात्री अकरा वाजता शिवी देतो किंवा हात धरतो, तेव्हा समोर मालक नसतो, आपल्यापैकी कोणी नसते. पाड्यावरून किंवा दूरच्या प्रांतातून आलेला एक विशीतला मुलगा तबक घेऊन उभा असतो. पाहुण्याला सावरायचे, तबकही सावरायचे आणि स्वतःचा रागही सावरायचा. ही खरी अडथळ्यांची शर्यत. तिला टाळ्या मिळत नाहीत.

बंधूंनो, वाढणे हे आपल्याकडे कधी हलके मानले नव्हते. धर्मराजाच्या राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने उष्टी पत्रावळी काढली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन देवाने कावडीने पाणी वाहिले, हीही. घरच्या लग्नात यजमान स्वतः आग्रहाने वाढतो तो मान समजून. मग तेच काम पोटासाठी करणाऱ्याला 'ए पोऱ्या' अशी हाक का? काम तेच, हात तसेच. बदलते ती आपली जीभ.

या धंद्यातल्या माणसांना संधी मिळाली तेव्हा त्यांनी काय केले, त्याचे दाखले दूर शोधायला नकोत. लहानपणी मुंबईत येऊन भांडी घासण्यापासून सुरुवात केलेल्या रामा नायक यांनी 1942 साली माटुंग्यास उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढले. कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करण्यास घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रोत्साहनाने तेथील नोकरांनी सहकारी संस्था उभ्या केल्या. पहिली 1957 साली बंगळुरास. काल तबक वाहणारे आज संस्थेचे सभासद झाले. आणि ज्या 1954 साली 2 ऑगस्टला आपले सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटले, त्याच साली श्रीमती लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने मुंबईत या धंद्याचे शास्त्रोक्त शिक्षण देणारी संस्था निघाली. वाढणे ही शिकण्याची विद्या आहे, हे तेव्हाच मान्य झाले.

म्हणून आयोजकांना आणि मंडळींना माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, स्पर्धकांना छातीवरच्या आकड्याने नव्हे, नावाने पुकारावे. गावाचे नावही सांगावे.

दुसरी, आज जो पेला फुटेल तो महोत्सवाच्या खर्चात धरावा आणि हे आरंभीच जाहीर करावे. हसू नका. अनेक ठिकाणी फुटलेल्या ग्लासाची किंमत मुकाट्याने पगारातून कापली जाते. 1936 च्या वेतन कायद्यानेसुद्धा नुकसान कामगाराच्या हयगयीमुळे झालेले असले पाहिजे आणि कापण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, अशी अट घातली होती. आपल्या सभासदांत हॉटेलवाले आहेत. त्यांनी एवढी एक गोष्ट आजपासून आपापल्या गल्ल्यावर पाळली, तरी हा खेळ सार्थकी लागला म्हणायचा.

तिसरी, कोणी अडखळून पडला तर हसण्याऐवजी उठवायला जावे. आणि चौदा वर्षांखालील एखादे मूल हॉटेलात राबताना दिसले तर ट्रस्टला कळवावे. 2006 च्या ऑक्टोबरपासून हॉटेले व ढाबे यांत अशा मुलांना कामास ठेवण्यास बंदी आहे. त्या मुलाची जागा शाळेत, आणि शाळेचा खर्च उचलणे हे आपल्यासारख्या संस्थेचे काम.

बक्षीस काय असावे, याची चर्चा समितीत झाली असेल. पेला किंवा ढाल जरूर द्या. पण शर्यत संपल्यावर जे जेवण आहे, त्यात या सर्व मुलामुलींना पहिल्या पंगतीस बसवा, आणि वाढायला आपण विश्वस्तांनी कंबर बांधा. वरण सांडेल, ताटात मीठ वाढायचे राहील, हाताला चटका बसेल. एका संध्याकाळी एवढे झाले तरी त्यांच्या कामाची थोडीशी ओळख आपल्याला होईल. उद्यापासून हाक मारताना ती आपल्या जिभेवर राहो.

माझे बोलणे संपले. सरबत गरम होण्यापूर्वी शर्यत सुरू करावी.